फेझंटच्या शिकारीला निघण्याआधी कुत्रा तयार करा

फेझंट या रानपक्ष्याची शिकार बंदुकीच्या जोरावर होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी साउथ डकोटाच्या गवतातून एक दिवस कुत्र्याशिवाय चालून पाहावं. नर फेझंट तुमच्यापासून चार पावलांवर दबून बसतो आणि तुम्ही त्याच्या बाजूने निघून जाता. नाहीतर तो पायांनीच पळत सुटतो आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला, बंदुकीच्या टप्प्याबाहेर उडतो. समजा एखादा समोर उठला, नेम लागला, खाली पडला. तरीही केवळ पंख मोडलेला नर जमिनीला टेकताक्षणी धावायला लागतो. कमरेएवढ्या गवतात असा जायबंदी पक्षी माणसाला सापडत नाही. तो रात्रभर तडफडतो किंवा कायोटीच्या तोंडी जातो. शिकाऱ्याच्या हातून घडणारी याहून वाईट गोष्ट मला माहीत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: शिकलेला कुत्रा सोबत नसेल तर रानातल्या फेझंटवर चाप ओढू नये. आणि तो सोबत असेल, तर तारखा, जागा, चालण्याचा वेग, परतायची वेळ हे सगळं त्याच्याकडे बघून ठरवावं.

हे मार्गदर्शन अमेरिकेत, विशेषतः मिनेसोटा, आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी आहे. शेजारी-सहकारी ऑक्टोबर आला की शिकारीला निघतात, घरात लॅब्राडॉर आहेच, मग आपणही जावं असं अनेकांना वाटतं. भारतात हा विषयच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथे वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. मोर, रानकोंबडा, चकोत्री हे सगळे फेझंटचेच कुळबंधू, आणि ते फक्त पाहायचे. पुण्या-मुंबईत लॅब्राडॉर पाळणाऱ्यांनी मात्र पुढचा प्रशिक्षणाचा भाग जरूर वाचावा. गवतात लपवलेली डमी, म्हणजे सरावासाठीची नकली शिकार, वासावर शोधून आणण्यातही हा कुत्रा तितकाच रमतो.

बंदुकीला हात लावण्याआधी व्हिसाचा प्रश्न सोडवा. आपल्या लोकांकडून नेमकी हीच गोष्ट राहून जाते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. मित्राची बंदूक तासाभरासाठी हातात घेणंही यात येतं. या मनाईला जे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे क्रम असा: आधी परवाना हातात, मग बंदूक. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. तरीही स्वतःच्या कागदपत्रांबद्दल इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या; एका सहलीपायी व्हिसा धोक्यात घालू नका.

परवान्यासाठी काही राज्यांत शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना आणि आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. माझ्या मते सक्ती नसलेल्यांनीही तो करावा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक कधी नव्हतीच. इथली मुलं वडिलांसोबत शेतात जाता-येता जे शिकतात, ते आपल्याला वर्गात बसूनच शिकावं लागतं.

जायचं कुठे? आयोवा आणि मिनेसोटात चांगली रानं आहेत, पण फेझंट म्हटलं की साउथ डकोटा. हा पक्षी मुळात अमेरिकेचा नाही. शांघायमधले अमेरिकन वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२ मध्ये चीनमधून पाठवलेले पक्षी ऑरेगनमध्ये रुजले. साउथ डकोटात तो १९०८-०९ च्या सुमारास रेडफिल्डजवळ स्थिरावला. १९१९ मध्ये रेडफिल्डच्याच स्पिंक काउंटीत पहिला हंगाम झाला, तोही एका दिवसाचा. १९४३ मध्ये हा पाहुणा राज्यपक्षी झाला. आज रेडफिल्ड, ह्यूरन, ॲबरडीन, मिचेल, विनर या गावांची मोटेलं हंगामाच्या पहिल्या आठवड्यात शिकाऱ्यांनी भरून जातात. तो आठवडा नवख्याने टाळावा. गर्दी असते, ऊन असतं, उभा मका अजून कापलेला नसतो आणि पक्षी त्यात शिरून बसतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मका निघतो, गारवा येतो, रानं रिकामी होतात. कुत्र्यासाठी तोच काळ उत्तम.

साउथ डकोटाचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ जानेवारीला संपतो. सकाळी दहाच्या आधी बंदूक चालवता येत नाही, सूर्यास्ताला थांबायचं. दिवसाला प्रत्येकी तीन पक्षी, आणि तेही फक्त नर. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याचा परवाना मोजक्या दिवसांचा असतो, त्यामुळे तारखा आधी ठरवाव्या लागतात. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचं सरकारी पत्रक निघण्यापूर्वी वाचा. सार्वजनिक जमिनींचा नकाशा राज्याचा वन्यजीव विभाग देतो. त्यात खासगी मालकीची पण पायी शिकारीसाठी खुली केलेली ‘वॉक-इन’ शेतंही असतात. बहुतेक सार्वजनिक जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादी किंवा तत्सम बिनविषारी छर्रेच लागतात. बाकी खासगी शेतात मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका. परवानगी आदल्या दिवशी मागा, फाटक जसं होतं तसं ठेवा, जाताना आभार मानायला थांबा. एक-दोन वर्षांत तोच शेतकरी तुमच्या कुत्र्याची चौकशी करायला लागतो.

आता कुत्र्याकडे वळू. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली काम करणारे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या उमरावांनी, मुख्यतः माम्सबरी आणि बक्लू या घराण्यांनी, एकोणिसाव्या शतकात त्यांची निगुतीने पैदास केली, आणि १९०३ मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. मूळ काम पडलेला पक्षी पाण्यातून किंवा गवतातून शोधून मालकाच्या हातात आणून देण्याचं. फेझंटच्या शिकारीत त्यावर आणखी एक काम येतं: बंदुकीच्या टप्प्यात राहून दडलेला पक्षी हुसकून उठवणं. पॉइंटर जातीचा कुत्रा पक्ष्यासमोर पुतळ्यासारखा थांबतो. लॅब्राडॉर थेट आत घुसतो. त्यामुळे त्याच्यावर तुमचा ताबा नसेल तर तो साठ यार्ड पुढे जाऊन सगळे पक्षी उडवतो आणि तुम्ही बघत राहता. पळणारा, उत्साही, प्रेमळ लॅब्राडॉर म्हणजे शिकलेला लॅब्राडॉर नव्हे.

पिल्लू घेताना आई-वडील शिकारीत काम करणारे आहेत का, हे विचारा. प्रदर्शनांसाठी वाढवलेली जडशीळ लॅब्राडॉर आणि कामासाठी वाढवलेली सडपातळ लॅब्राडॉर यांच्यात आता बराच फरक पडला आहे. कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांची तपासणी, डोळ्यांची तपासणी यांचे दाखले मागा. आणखी एक चाचणी विसरू नका. या जातीत एका जनुकीय दोषामुळे जोरदार पळापळीनंतर मागचे पाय लुळे पडून कुत्रा कोसळण्याचा विकार आढळतो. २००८ मध्ये त्याचं जनुक सापडलं, तेव्हापासून साध्या डीएनए चाचणीने तो कळतो. ज्याच्यात हा विकार आहे तो कुत्रा घरी सुखाने राहील, पण त्याला दिवसभर रानात पळवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

शिकवण्याची सुरुवात पक्ष्यांपासून करायची नसते. बसणं, थांबणं, बोलावल्यावर येणं, पायाशी चालणं, एवढंच पहिले काही महिने. रोज दहा मिनिटं पुरतात. मग तेच शिट्टीवर: एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी बस आणि माझ्याकडे बघ, दोन आखूड म्हणजे वळ, आखूड शिट्ट्यांची माळ म्हणजे परत ये. शब्द वाऱ्यात विरतात, शिट्टी विरत नाही. लांब शिट्टीवर बसणं हा सगळ्या प्रशिक्षणाचा पाया आहे. कुत्रा पळत असताना, समोर ससा उठलेला असताना, रस्त्याकडे धावत असतानाही तो बसला, तरच ते शिकला म्हणायचं.

डमी आणायला पाठवताना मोजकंच पाठवा. चार-पाच वेळा झालं की थांबा, त्याला अजून हवं असतानाच. दात बदलण्याच्या काळात हा खेळ बंद ठेवा. तेव्हा तोंड दुखतं आणि पकडण्याचीच धास्ती बसते. घरात कुणालाही त्याच्याशी फडकं किंवा दोरी ओढाओढीचा खेळ खेळू देऊ नका. मुलांना हे पटवणं कठीण जातं, पण ओढाओढीतून कुत्रा दाबून धरायला शिकतो आणि पुढे पक्षी चावून चोथा करून आणतो. तोंडात अंडं धरल्यासारखी अलगद पकड ही या जातीची देणगी आहे. ती आपण बिघडवू नये.

बंदुकीच्या आवाजाची ओळख फार जपून करून द्या. कुत्रा एखाद्या आवडत्या कामात, म्हणजे डमीमागे किंवा कबुतरामागे पूर्ण गुंतलेला असताना, दुसऱ्या माणसाने शंभर यार्डांवर छोटा खोटा बार काढावा. कुत्र्याने लक्षही दिलं नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळ. असं करत काही आठवड्यांत खऱ्या बंदुकीपर्यंत यायचं. कवायत म्हणून त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन बसवणं ही घोडचूक आहे. दिवाळीच्या फटाक्यांनी पलंगाखाली लपणारे कुत्रे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ती भीती एकदा बसली की काढणं अतिशय अवघड असतं आणि पुष्कळदा निघतच नाही.

यानंतर नागमोडी शोध. वारा तोंडावर घ्या, तुम्ही सरळ चाला आणि कुत्र्याला हाताच्या खुणेने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवा. तुमच्यापासून वीस-पंचवीस यार्डांपलीकडे तो गेला की शिट्टी. त्या पट्ट्यात आधी पिसं लावलेल्या डमी आणि नंतर पाळीव कबुतरं किंवा चकोर लपवून ठेवा, म्हणजे मालकाच्या जवळच माल असतो हे त्याला पटतं. शेवटी माग काढणं. मेलेला पक्षी दोरीला बांधून गवतातून वेड्यावाकड्या वाटेने ओढत न्या, टोकाला ठेवा आणि कुत्र्याला सुरुवातीला सोडा. पळालेला जायबंदी फेझंट शोधण्याची तयारी याच सरावातून होते, आणि घाईत बहुतेक लोक नेमका हाच सराव सोडून देतात. रिचर्ड वोल्टर्स यांचं १९६४ चं ‘वॉटर डॉग’ हे पुस्तक अजूनही नवख्यांना उपयोगी पडतं. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याबाबत एवढंच सांगेन की अनुभवी प्रशिक्षक शेजारी उभा नसेल तर त्याला हात लावू नका.

शिकवलेला कुत्राही ऑगस्टपर्यंत सोफ्यावर लोळत असेल तर ऑक्टोबरमध्ये उपयोगाचा नाही. आपल्या घरांतले लॅब्राडॉर बहुधा लठ्ठ असतात. आजीच्या हातची पोळी-तूप त्यांना सोडवत नाही. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. हंगामाच्या दोन महिने आधीपासून पळणं आणि पोहणं वाढवत न्या. उघड्या खडबडीत जमिनीवरही चालवा, म्हणजे पंजे कणखर होतात.

शिकारीच्या दिवशी भरपेट खाऊ घालून रानात सोडू नका. पोट फुगून पिळवटण्याचा जीवघेणा प्रकार मोठ्या छातीच्या कुत्र्यांत होतो. मुख्य जेवण संध्याकाळी, दमून स्थिरावल्यावर. मधे थोडा मध किंवा चार घास चालतील. पाणी मात्र दर अर्ध्या तासाला, आणि ते तुमच्या जवळचं. गुरांच्या तळ्यात हिरवट-निळसर तवंग दिसला तर तिथे थेंबही पिऊ देऊ नका; काही शेवाळं विषारी असतात. ऑक्टोबरमधल्या उन्हाच्या दिवशी काळा लॅब्राडॉर तासाभरात तापतो. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, चाल अडखळली की थांबायचं, सावलीत न्यायचं, पोटावर आणि मांड्यांवर पाणी मारायचं.

रानात उतरताना गाडीची दारं आपटू नका, हाका मारू नका. फेझंटला ऐकू उत्तम येतं आणि दार वाजताच दुसऱ्या टोकाचे पक्षी उडालेले दिसतात. दिवसभरात पक्षी कुठे असतो हे समजून घ्या. सकाळी तो मक्याच्या किंवा ज्वारीच्या धसकटात दाणे टिपत असतो. हो, आपलीच ज्वारी. इकडे तिला मायलो म्हणतात. दुपारी जवळच्या उंच गवतात किंवा झाडांच्या पट्ट्यात विसावतो, आणि सूर्यास्ताआधीच्या तासाभरात पुन्हा गवताकडे मुक्कामाला येतो. तो शेवटचा तास सर्वांत मोलाचा. बर्फ पडल्यावर पक्षी दलदलीतल्या पाणकणसांच्या दाट बेटांत जमतात. तिथे खाली बर्फाचा थर किती जाड आहे याची खात्री नसेल तर कुत्र्याला तळ्यावर पाठवू नका. पातळ बर्फातून खाली गेलेला कुत्रा वाचवणं फार कठीण.

हळू चाला. मधेच थांबा, माणूस थांबला की दडलेल्या नराचा धीर सुटतो. आणि डोळे क्षितिजावर न ठेवता कुत्र्यावर ठेवा. शेपटी वेगाने हलायला लागली, नाक जमिनीला टेकलं, अंग आखडून तो एकाच दिशेने ओढ घ्यायला लागला, की ठरलेली वाट सोडून त्याच्या मागे जा. तुम्हाला वाटेल की त्या बाजूला काहीच नाही. त्याच्या नाकापुढे तुमचा अंदाज चालत नाही. पळणारा नर शंभर-दीडशे यार्ड कुत्र्याला फिरवतो. कुत्रा फार पुढे जायला लागला तर त्याला शिट्टीने बसवा, गाठा, पुन्हा सोडा. बांधावर, शेताच्या टोकाला, गवत संपून मोकळं रान लागतं तिथे पक्ष्याला पळायला जागा उरत नाही. तिथे सावध राहा.

उठल्यावर नर कर्कश ओरडतो, गळ्याभोवती पांढरं कडं आणि लांब शेपूट दिसते. मादी करडी-तपकिरी आणि मुकाट. सूर्य समोर असेल तर रंग कळत नाहीत. शंका आली की बंदूक खाली. हाक्यासारखी शिकार असेल, म्हणजे काही जण शेतातून चालत येतायत आणि काही जण टोकाला नाक्यावर उभे आहेत, तर धोका वाढतो. कोण कुठे आहे हे आधी ठरवा, सगळ्यांनी भडक नारिंगी टोपी आणि जाकीट घाला, कुत्र्यालाही नारिंगी पट्टा बांधा. एक नियम मोडायचाच नाही: पक्ष्याच्या खाली आकाश दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यामागे कुत्रा उडी घेत असतो, आणि तुमचे छर्रे त्याला लागू शकतात. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करा, नळी उघडा. जमिनीवर ठेवलेल्या भरल्या बंदुकीवर कुत्र्याचा पाय पडून अपघात झालेले आहेत.

पक्षी पडला की पडलेल्या जागेवरची नजर हलवू नका. सगळ्यांनी तिथेच थांबायचं; पाच माणसं ती जागा तुडवायला लागली की वास मोडतो. टोपी खुणेला अडकवा, कुत्र्याला वाऱ्याच्या खालच्या अंगाने आणा आणि शोधू द्या. वेळ लागला तर लागू द्या. बाकीचे पुढे जायची घाई करत असतील तर त्यांना खुशाल जाऊ द्या, तुम्ही थांबा. जिवंत आणलेला पक्षी क्षणात मान मोडून वेदनामुक्त करायचा. न सापडलेला पक्षी मी दिवसाच्या तीनांत धरावा असंच सांगतो. नेम पस्तीस यार्डांच्या आत ठेवला तर ही वेळ क्वचित येते.

संध्याकाळी मोटेलवर पोचलात की स्वतःच्या बुटाची नाडी सोडण्याआधी कुत्रा तपासा. गवताची कुसळं ही या रानातली खरी पीडा: बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानात, पापणीखाली, नाकात शिरतात आणि आत आत सरकत जातात. डोळे सलाइनने धुवा, हिरड्या बघा, पोटावरून हात फिरवा. तारेच्या कुंपणाने कातडी फाटलेली पुष्कळदा केसांत दिसत नाही. चिमटा, पट्टी, जंतुनाशक जवळ हवं, आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर मुक्कामाला पोचण्याआधी फोनमध्ये असावा. लहान गावांत रविवारी तो शोधत बसणं परवडत नाही. राज्य ओलांडताना रेबीजच्या लसीचा दाखला बरोबर ठेवा.

मांस लवकर थंड करा. नेताना नर ओळखता येईल अशी खूण, म्हणजे पाय, डोकं किंवा पिसांसकट पंख, पक्ष्याला राहू द्यावी लागते. मोटेलच्या खोलीत पक्षी साफ करू नका, त्यासाठी बाहेर वेगळी जागा असते. फेझंटला चरबी कमी. छातीचं मांस जास्त शिजलं की कोरडं पडतं, ते मोठ्या आचेवर पटकन परतून काढा. तंगड्या चिवट, त्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन तास मुरू द्या. तांबडा रस्सा उत्तम होतो. खाताना छर्रा दाताखाली येऊ शकतो, मुलांना आधी सांगा.

आणि परवान्याचे पैसे भरण्याआधी, सप्टेंबरच्या एखाद्या सकाळी, कुत्र्याची परीक्षा घ्या. पळता पळता चाळीस यार्डांवर एका शिट्टीत बसतो का? डोक्यावरून पक्षी उडाला आणि बार झाला तरी बोलावल्यावर येतो का? दीडशे यार्ड ओढलेला माग काढून पक्षी अलगद हातात देतो का? यातलं एक जरी जमत नसेल तर यंदा रानात नेऊ नका. सोडलेल्या पक्ष्यांवर शिकार करू देणारी खासगी राखीव रानं साउथ डकोटात सप्टेंबरपासून मार्चअखेर चालू असतात. तिथे प्रशिक्षकासोबत दोन दिवस काढा, बंदूक त्याच्या हातात राहू द्या आणि तुम्ही फक्त शिट्टी सांभाळा.